पाळक, पुढारी, मुकादम

बीड जिल्ह्यात ‘पुढारी’ म्हटलं की राजकारणातला माणूस समोर येतो. ‘नेता’ या शब्दाचंही तेच झालं आहे. पण परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यासारख्या गावात आणि भोवतीच्या धारूर, वडवणी, केज या पट्ट्यात रोजच्या जगण्यावर ज्याचा शब्द चालतो तो निराळाच: ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. हंगामाआधी उचल तो देतो, दिवाळीच्या आगेमागे टोळी गाडीत तो भरतो, कारखान्याशी बोलणी तो करतो आणि कोणाचा किती खाडा पडला याचा हिशेबही तोच ठेवतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. कोणता कोयता कोणत्या फडावर जाणार, हे त्याच्या वहीत असतं.

मराठी ख्रिस्ती मंडळीत याच कामासाठी तिसरा शब्द आहे, ‘पाळक’. मेंढरांमागे चालणारा, हरवलेल्याला शोधायला माघारी फिरणारा. पुढारी पुढं असतो, मुकादम वर असतो, पाळक मागं असतो. ख्रिस्ती नेतृत्वाचा अभ्यास संस्था आणि समाजसेवा यांच्या कामी येतो का, हा प्रश्न मराठवाड्यातून विचारायचा तर या तीन शब्दांपासूनच सुरुवात करावी लागते. या भागात ख्रिस्ती वस्ती अगदी विरळ. तरीही प्रश्न इथं लागू पडतो, कारण त्याचं जगभर अभ्यासलं गेलेलं उत्तर सिरसाळ्यापासून अर्ध्या दिवसाच्या एसटीवर, जामखेडला सापडतं.

आज या विषयाचं मोठं विद्यापीठीय दालन उभं आहे. अमेरिकेत संघटनात्मक नेतृत्वाच्या पदव्या ख्रिस्ती विद्यापीठांतून मिळतात. त्यांच्या पाठ्यक्रमात रॉबर्ट ग्रीनलीफ हे नाव टळत नाही. या गृहस्थांची सारी नोकरी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत झाली आणि ते क्वेकर पंथाशी जोडलेले होते. १९७० साली त्यांनी सेवक हाच नेता असू शकतो, अशी मांडणी करणारा निबंध लिहिला. कल्पना सुचली हर्मान हेसेच्या एका कादंबरीवरून. तिच्यात प्रवासी मंडळाचं सामान वाहणारा, गाणी म्हणणारा सेवक निघून जातो आणि मंडळ विस्कटतं. पुढं कळतं की तोच त्या पंथाचा प्रमुख होता. ख्रिस्ती अभ्यासकांना ही मांडणी लगेच आपली वाटली. शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो, आणि ज्याला मोठं व्हायचं त्यानं सगळ्यांचा सेवक व्हावं असं सांगतो, ती शिकवण त्यांच्या तोंडपाठ होती. मराठी वाचकालाही यात परकं काही वाटू नये. वारीत एकमेकांच्या पाया पडणारे वारकरी आणि हाती खराटा घेतलेले गाडगेबाबा त्यानं पाहिले-ऐकलेले असतात.

पण कल्पना सुंदर असणं वेगळं आणि तिच्यावर संस्था चालणं वेगळं. महाराष्ट्रात या विषयाचा खरा इतिहास संस्थांच्या अडचणींतून घडला आहे, आणि तो ग्रीनलीफच्या फार आधी सुरू होतो.

अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ मध्ये. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांचं ठाणं पडलं १८३१ मध्ये. शाळा निघाल्या, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. मात्र हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळायला १८५४ उजाडलं. मुंबईत पाऊल ठेवल्यापासून एकेचाळीस वर्षं. मधल्या काळात मराठी माणूस शिक्षक होता, प्रचारक होता, भाषांतरात मदत करत होता. निर्णय मात्र साहेब घेत होते. त्याच सुमारास बोस्टनच्या मुख्य कचेरीचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. इंग्लंडमधल्या हेन्री व्हेन यांच्यासारखाच त्यांचाही आग्रह होता की मंडळीनं आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपणच करावा. शिक्षण लोकभाषेत द्यावं, हाही हट्ट त्यांचाच. यातला पहिला मुद्दा कागदावर सगळ्यांना पटला. दुसरा आजही सुटलेला नाही.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. जालन्याला नारायण शेषाद्री यांनी वेगळी वाट धरली. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमध्ये असलेल्या या मराठी पाळकानं दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचं गाव वसवलं. गावाबाहेरच्या वस्तीत राहणाऱ्या, बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांना शेतीचा आणि कारागिरीचा आधार मिळावा, हा हेतू. मराठी माणूस मिशनचं ठाणं स्वतः चालवू शकतो हे शेषाद्रींनी १८९१ मधल्या मृत्यूपर्यंत दाखवून दिलं. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. खिस्ती, मोडक, शेषाद्री, पुढं नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई ही सगळी ब्राह्मण घरांतून आलेली माणसं. मंडळीत बसणारे बहुसंख्य लोक मात्र महार आणि मांग समाजांतले. जात धर्मांतरानं संपत नाही, आणि कोण बोलणार, कोण ऐकणार हे ठरवण्यात ती बराच काळ टिकली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळलं, त्यामुळं बाहेरूनही आधार राहिला नाही. नेतृत्वाच्या पाठ्यपुस्तकांत हा मुद्दा एखाद्या परिच्छेदात येतो. इथं तो मूळ प्रश्न आहे.

टिळकांनी पगाराची गाठ सोडून पाहिली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही येऊ शकत होते. परक्या पैशावर पोसलेला पाळक लोकांना आपला वाटत नाही, ही त्यांची खंत होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. दरबार त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता. तो चालवायची रीत बसवायला त्यांना वेळ मिळाला नाही.

रमाबाईंकडे रीत होती. अमेरिकेत फिरून, व्याख्यानं देऊन त्यांनी १८८७ मध्ये बोस्टनला आपल्या नावाचं मदतमंडळ उभं केलं, दहा वर्षांचा निश्चित करार करून. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला हललं. सल्लागारांत रानडे आणि भांडारकर होते. विधवा मुलींना कोणताही धर्म शिकवला जाणार नाही, असं ठरलं होतं. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या तेव्हा पुण्यात वादळ उठलं आणि १८९३ मध्ये सल्लागार बाहेर पडले. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं होतं. माणसाची श्रद्धा आणि संस्थेनं दिलेला शब्द यांची रेघ कुठं मारायची, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा इतक्या उघडपणे मराठी समाजापुढं आला. आजच्या कोणत्याही धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांनी हे प्रकरण मुळातून वाचावं.

पुढं केडगावला उभारलेल्या ‘मुक्ती’त रमाबाईंनी ती रेघ पुसूनच टाकली; ‘मुक्ती’ उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून. शेकडो मुलींचा तो संसार बायकाच चालवत. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना, सगळीकडे बायका. रमाबाईंनी स्वतः मराठीत उतरवलेलं बायबल याच छापखान्यात बायकांच्या हातांनी जुळवलं आणि छापलं गेलं. पण मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि संस्थेची सूत्रं परदेशी सहकाऱ्यांकडं गेली. हजारो मुलींना उभं करणाऱ्या घरात मागं सांभाळणारी मराठी बाई तेव्हा पुढं आली नाही, याची हुरहुर तो इतिहास वाचताना लागते.

सामाजिक कार्याचं शिक्षण हा या परंपरेचा सगळ्यांत कमी ठाऊक असलेला धागा. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे पाळक. मुंबईच्या नागपाड्यात, गिरणी कामगार, दारूचे अड्डे आणि वेश्यावस्ती यांच्या मधोमध, त्यांनी १९२७ मध्ये नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं. वाचनालय, दवाखाना, खेळ, व्याख्यानं. काम करता करता त्यांच्या लक्षात आलं की चांगुलपणा पुरत नाही, कामाचं शिक्षण लागतं. दोराबजी टाटा ट्रस्टला त्यांनी ते पटवलं आणि १९३६ मध्ये देशातली पहिली समाजकार्य शाळा त्याच जागेत सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. मॅनशार्ट यांच्यानंतर संचालक झाले जे. एम. कुमारप्पा. मिशनच्या माणसानं उभारलेली शाळा सगळ्या देशाची झाली, आणि तिच्यावर पंथाचा शिक्का राहिला नाही. ज्या वर्षी स्वातंत्र्य आलं त्याच वर्षी भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं. त्यांच्याच संस्थेनं पुढं ग्रामीण विकासाच्या अभ्यासाचं केंद्र आणि समाजकार्याचं शिक्षण उभं केलं. मुंबईत १९५५ मध्ये निर्मला निकेतन हे समाजकार्याचं कॉलेज निघालं, तेही धर्मभगिनींनी चालवलेलं.

आता १९७०. त्या वर्षी नोव्हेंबरच्या २९ तारखेला नागपूरला अनेक प्रॉटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. ग्रीनलीफ यांचा निबंधही त्याच वर्षीचा. आणि त्याच वर्षी जामखेडमध्ये, बीडच्या आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या कोरडवाहू तालुक्यात, डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू केलं.

रजनीकांत राहुरीचे, मेबल जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. आयडा स्कडर यांनी उभारलेल्या त्या कॉलेजात मिशनच्या दवाखान्यात जाऊन सेवा करणं हा शिक्षणाचाच भाग मानला जाई. नेवाशाजवळच्या वडाळा मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काढली. तिथं एक गोष्ट त्यांना बोचू लागली: बरं करून घरी पाठवलेलं पोर काही महिन्यांनी त्याच दुखण्यानं परत येतं. ती बोच घेऊन ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले. कार्ल टेलर हे तिथले गुरू. परतल्यावर त्यांनी मोठं शहर टाळून जामखेड निवडलं. तेव्हा इथं हजार जन्मांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती.

पहिला बेत फसला. शिकलेल्या नर्स खेड्यात पाठवायच्या असा तो बेत होता. त्या एकट्या राहू शकत नव्हत्या, आणि गावातल्या बाया त्यांच्याशी मोकळं बोलत नव्हत्या. तेव्हा गावानंच निवडलेल्या गावातल्याच बाईला शिकवायचं ठरलं. निवडलेल्या बायांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कितीतरी दलित वस्तीतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, गोल बसत, एकत्र जेवत, गावात काय झालं ते सांगत, नवं काही शिकत. नाळ कशी कापायची, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा. याच्या बरोबरीनं, कदाचित याहून अधिक वेळ, एकच गोष्ट घटवली जाई: आपण माणूस आहोत आणि आपल्याला बोलता येतं. सरूबाई साळवे, मुक्ताबाई पोळ, ललनबाई कदम ही त्यांतली नावं पुढं देशाबाहेर पोहोचली. सरूबाईंवर २००८ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’नं लेख केला. मुक्ताबाईंनी वॉशिंग्टनच्या सभागृहातल्या झुंबरांकडं बोट दाखवून तज्ज्ञांना सुनावलं होतं की ती महाग आणि उंच; आपल्यासारखी साधी पणती मात्र शेजारच्या पणतीला पेटवू शकते.

पाण्याचा प्रसंग तर नेतृत्वाच्या कोणत्याही वर्गात शिकवावा असा आहे. दुष्काळात कूपनलिका पाडायच्या होत्या. आरोळ्यांनी भूगर्भतज्ज्ञाच्या साथीनं जागा निवडल्या त्या दलित वस्तीत. भाषण नाही, मोर्चा नाही. हंडा घेऊन वस्तीत जायचं की तहानलेलं राहायचं, हे गावातल्या प्रत्येक घराला स्वतः ठरवावं लागलं. शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं पाठोपाठ उभी राहिली आणि बालमृत्यूचं प्रमाण दोन-अडीच दशकांत विशी-पंचविशीच्या घरात आलं.

यात ख्रिस्ती काय होतं? कामाला बळ देणाऱ्यांत जिनिव्हाचं ख्रिश्चन मेडिकल कमिशन होतं, जागतिक चर्च परिषदेनं १९६८ मध्ये नेमलेलं. मिशनच्या दवाखान्यांनी पैसा इमारतींवर ओतला आणि खेडं कोरडंच राहिलं, असा ठपका त्या कमिशननं आपल्याच लोकांवर ठेवला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या गाजलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं आणि १९७८ च्या अल्मा आटा परिषदेनं प्राथमिक आरोग्याची जी घोषणा केली तिच्यामागं असे अनुभव होते. आरोळे दांपत्यानं आपली श्रद्धा कधी लपवली नाही आणि आरोग्यसेविकेची जात-धर्म ही अटही कधी घातली नाही. १८९३ च्या पुण्यातल्या वादाला जामखेडनं दिलेलं हे उत्तर. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो वैद्यकीसाठी नव्हे, समुदाय नेतृत्वासाठी. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम पुढच्या पिढीनं चालू ठेवलं. तिथल्या प्रशिक्षण केंद्रात शंभराहून अधिक देशांतली माणसं येऊन गेल्याचं संस्था सांगते, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत त्या सेविकाही असतात.

जामखेडच्याच अहमदनगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर यांनी दुसरा धडा घालून दिला. स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये आलेले हे जेझुइट. अहमदनगरच्या सोशल सेंटरमधून त्यांनी विहिरी आणि शेतीचं काम केलं, पुढं भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा केला आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटर ही संस्था काढली. त्यांची अट अशी की आधी गावानं श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळून दाखवायची, मगच पैसा. आराखडा करताना तंत्रज्ञ प्रत्येक शेतात जाणार आणि बांधावर शेतकऱ्याबरोबर त्याची बायकोही उभी राहणार. हिशेब गावाच्या समितीकडं. अँडरसन यांच्या सूत्रातलं ‘आपला खर्च आपण’ इथं घामाच्या रूपानं उतरलेलं दिसतं.

आणि शिकवणाऱ्या संस्थांचं काय चाललं आहे? पुण्यात त्यांची दाटी आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ १९५५ पासून तिथं आहे. वरच्या पदव्यांचं शिक्षण इंग्रजीत चालतं, विद्यार्थी ईशान्येपासून केरळपर्यंतचे. विद्वत्ता भक्कम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण यवतमाळ सोडून पुण्याला येण्यात ग्रंथालय आणि संपर्क मिळाला तसं काही सुटलंही. मराठवाड्यातल्या गावच्या पाळकाला लागणारी तयारी फार साधी आणि फार कठीण असते: विश्वस्त मंडळाची सभा कशी चालवावी, मालमत्तेचा वाद धर्मादाय आयुक्तांपर्यंत जाण्याआधी कसा मिटवावा, जमाखर्च लोकांपुढं कसा मांडावा. महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांची शक्ती जमिनींच्या खटल्यांत जिरून गेली आहे. नेतृत्वाच्या मराठी अभ्यासक्रमाचं पहिलं प्रकरण हेच असायला हवं.

पैशाचा प्रश्न २०२० नंतर अधिक कडक झाला. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या दुरुस्तीनं ही रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घेणं बंधनकारक केलं, प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली आणि एका संस्थेनं दुसरीला ती रक्कम पुढं देणं बंद केलं. मोठ्या संस्थेच्या सावलीत काम करणाऱ्या लहान गटांना हा शेवटचा बदल सर्वांत जड गेला. बोस्टनच्या सचिवांनी १८५४-५५ मध्ये दिलेला सल्ला न ऐकल्याची किंमत कायद्यानं वसूल केली, असं म्हणण्याइतकी तयारी मंडळ्यांनी ठेवायला हवी.

बीडकडं परत येताना दोन आकडे सोबत घ्यावे लागतात. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. आणि २०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पेटला, तेव्हा झालेल्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. डॉक्टर आणि दवाखाने या जिल्ह्यात होतेच. पोटात दुखतं म्हणून गेलेल्या बाईला बाहेर थांबवून ‘आधी दुसरीकडं दाखव, घाई करू नको’ असं सांगणारी, तिच्याच वस्तीतली जाणती बाई नव्हती. जामखेडनं तयार केली ती नेमकी हीच बाई.

२००५ पासून सरकारची आशा कार्यकर्ती गावोगाव आहे, आणि तिच्यामागं जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव आहे. तिच्या नेमणुकीला शिक्षणाची अट आहे, मोबदला बराचसा कामाच्या नगावर. पण सिरसाळ्याच्या पट्ट्यात अडचण वेगळीच. दिवाळीनंतर वस्ती उठून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जाते आणि आशाताई गावात राहते. पाच-सहा महिने ज्या बाईला तिची सर्वांत जास्त गरज, ती पालाच्या खोपटात शेकडो किलोमीटर दूर असते, आणि तिथं तिच्या दुखण्याचा निर्णय मुकादमाच्या खाड्यावर ठरतो. टोळीतल्या दहा-पंधरा कोयत्यांपैकी एका बाईला, तिच्या सोबतिणींनीच निवडलेल्या, पावसाळ्यात आठवड्यातून दोन दिवस गोल बसवून शिकवलं तर ती फडावर सोबत जाऊ शकते. पावसाळ्यात टोळ्या घरी असतात, पहिली उचल तेव्हाच हातात पडते, आणि जामखेडच्या वर्गाला बसायला अक्षरओळख लागत नाही.